सून चित्राला बसते

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज किटली काढली. किटली कसली, फुगलेला भोपळा आणि त्याला शेपूट. झाकण एकीकडे, तोटी दुसरीकडे तोंड करून बसलेली. दोघांचं भांडण झाल्यासारखी. तरी खाली तारीख घातली, कागद फाडला नाही.

काल सोन्याने कामावरून येताना पेन्सिलींचा डबा, कोळशाच्या कांड्या आणि जाड कागदांचा गठ्ठा आणला. म्हणाला, "आई, नोकरी संपली, स्वयंपाकाला सून आहे, गुडघा तुला कुठे जाऊ देत नाही. बस आता काढत." मी चित्रकलेचं शिक्षण घेतलं होतं हे त्याच्या लक्षात आहे याचंच मला अप्रूप वाटलं. तो पोटात होता तेव्हाच माझं चित्र काढणं सुटलं. ह्यांना घरात कोळशाची धूळ खपायची नाही. रागीट होते, पण मनाने वाईट नव्हते. मीच बंद केलं, उगाच रोजची कटकट नको.

पुढे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. साहेबांच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि पाइपलाइनच्या रेघा शाईने गिरवायच्या. सगळी उमेद दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढण्यात गेली. गिरवताना माझा हात कधी हलला नाही. कोऱ्या कागदावर मात्र कोकरासारखा पळतोय.

रविवार, ८ फेब्रुवारी

चमचा, चप्पल, गॅसचं बटण काढून झालं. सोन्या बघून हसला. म्हणाला, "भांडीकुंडी किती दिवस काढणार? हिला काढ. घरातच तर असते आता."

सून एका शाळेच्या ऑफिसात होती. मी इथे राहायला यायच्या थोडं आधी तिने नोकरी सोडली. तिथले लोक बरे नव्हते, असं सोन्या सांगतो. मी म्हटलं, बरं झालं, घराला घरपण येईल.

तिला स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ स्टुलावर बसवलं. तिने हळूच विचारलं, "आई, उजवीकडून काढाल?"

मी म्हटलं, "अगं, उजेड डावीकडून येतोय. डावा गाल छान उजळेल."

"उजवीकडून बरी दिसते मी."

हौस असते एकेकीला. मी स्टूल फिरवलं. नाक बऱ्यापैकी जमलं, मान बगळ्यासारखी झाली. चित्र दाखवलं तर ती कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं, नावं ठेवतेय. मग म्हणाली, "उद्या पण बसू?"

शनिवार, १४ फेब्रुवारी

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी चित्रांचा वर्ग भरतो. शिकवते ती पूर्वी माझ्याच वर्गात होती, जन्मभर शाळांमधून चित्रकला शिकवून आता दोन मांजरांबरोबर राहते. तिला आम्ही तेव्हापासून मास्तरीण म्हणतो, कारण तेव्हाही ती सगळ्यांच्या चुका काढायची. सोन्याने गाडीने सोडलं, जिन्यावर हात धरून वर नेलं. वर्गातल्या बायका म्हणाल्या, मुलगा असावा तर असा.

मास्तरिणीने माझे कागद जमिनीवर पसरले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हात गंजलाय. नजर शाबूत आहे. हात येईल मागून."

मग म्हणाली, "रोज एकच माणूस काढ. ही कोण, सून? हिलाच काढ. आणि तुला काय वाटतं ते राहू दे बाजूला, दिसतंय तेवढंच काढ."

सांगायला काय जातंय. पण येताना मी गाडीत गाणं गुणगुणत होते असं सोन्या म्हणाला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज हात काढले. मांडीवर ठेवलेले दोन हात, एवढंच. हातासारखं अवघड काही नाही. तिची करंगळी तीन वेळा काढली आणि तिन्ही वेळा वाकडी आली. मागच्या आठवड्याच्या चित्रात तीच करंगळी सरळ आहे. शेवटी तिलाच विचारलं. "ड्रॉवरमध्ये सापडली," म्हणाली.

जेवताना सोन्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हिचं लक्षच नसतं गं. परवा दुधाचं पातेलं, काल ड्रॉवर. उद्या घर पाडेल." आम्ही हसलो. सूनही हसली, जरा उशिराने.

मी म्हटलं, तिला कशाला बोलतोस, मी काय कमी होते? माझा डावा कान असाच गेला. अंधारात दारावर आपटले. सोन्या तेव्हा शाळेत जात होता. हे स्वतः मला डॉक्टरकडे घेऊन गेले, दिवसभर बाहेर बसून राहिले.

आता दुसऱ्या कानालाही यंत्र लागतं. संध्याकाळचं जेवण झालं की सोन्या आठवणीने म्हणतो, "आई, यंत्र काढ, डोक्याला शांतता मिळू दे." एवढं कोण बघतं हल्ली.

बुधवार, ४ मार्च

उकडायला लागलंय. सून तरी लांब बाह्यांचं घालते. मी म्हटलं, घाम बघ किती आलाय, बाह्या तरी दुमड. म्हणाली, सवय आहे.

ती आता चित्राला छान बसते. पूर्वी पोक काढायची, आज अगदी ताठ होती. खोडरबर खाली पडलं तर वाकली नाही, पायाने सरकवून माझ्याकडे ढकललं. मला जरा राग आला. पण पाठीची रेघ अशी सुरेख मिळाली की राग गेला. एका दमात आली, न थांबता.

तिचा मोबाइल दुरुस्तीला दिलाय तो अजून आला नाही. बाथरूमची कडीही निखळलीय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरात कडी नाही, म्हणून मी सोन्याची चेष्टा केली. "करतो गं," म्हणाला.

सोमवार, ९ मार्च

आज स्वतःवरच वैतागले. काल काढलेला चेहरा मुळीच जमत नव्हता. काहीतरी बिघडलं होतं आणि काय ते सापडत नव्हतं. शेवटी जुनी ट्रेसर कामाला आली. मागच्या महिन्यातला चेहरा खिडकीच्या काचेवर धरला, त्यावर कालचा ठेवला. कपाळ जुळलं, नाक जुळलं, डोळे जुळले. जबडा मात्र कानाखाली चांगला बोटभर बाहेर. इतकी चूक मी कशी केली कळेना.

खोडलं आणि जुन्या रेघेवरून जबडा दुरुस्त केला. आता बरा दिसतो.

आज सून बसली नाही. दाढ दुखतेय म्हणाली.

शनिवार, १४ मार्च

मास्तरिणीशी वाजलं.

तिने तो चेहरा उचलला, उजेडाकडे तिरका धरला आणि म्हणाली, "इथे खोडलंस."

"चुकलं होतं. जबडा मोठा आला होता."

"खालची रेघ अजून दिसतेय. ती बघून काढलेली आहे. वरची गिरवलेली आहे. बघून काढलेली का खोडलीस?"

तिने बाकीचे कागद तारखेने लावले आणि एकेक बघत गेली. करंगळी बघितली. ताठ पाठ बघितली. मग माझ्याजवळ येऊन हळू विचारलं, "हिला कोणी मारतं का गं?"

मला हसूच आलं. म्हटलं, घरात आम्ही तिघं. मी आणि सोन्या. कोण मारणार तिला?

ती नुसती बघत राहिली. मला ते फार लागलं. एकटी राहिलेली बाई, हिला कसलं मूल न् कसलं बाळ, लोकांच्या घरातलं भलतंसलतं सुचतं. कागद गुंडाळले आणि खाली येऊन सोन्याची वाट बघत उभी राहिले. गुडघा ठणकत होता. सोन्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, माझी चित्रं तिला आवडली नाहीत.

मंगळवार, १७ मार्च

सोन्याने आज सगळी चित्रं मागितली. मांडीवर घेऊन सावकाश बघितली. तो असा मन लावून बघतो तेव्हा मला तो लहानपणी कोडी सोडवायचा ते आठवतं.

"हिला एवढी म्हातारी का काढतेस?"

"मला दिसली तशी काढली."

"हं." मग म्हणाला, "ही वर्गात दाखवलीस? सगळी?"

"दाखवायलाच तर नेते."

"कोण काय म्हणालं?"

मास्तरीण काय म्हणाली ते मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कळत नाही. म्हटलं, मान लांब झालीय म्हणाली.

तो हसला. कागद नीट एकावर एक लावून माळ्यावर ठेवले. "आता झाडं काढ आई. बाल्कनीतून छान दिसतात. माणसं काय, रोजचीच."

सून दारात उभी होती. मला वाटलं, पाणी घेऊन आली. हातात काही नव्हतं.

शनिवार, २१ मार्च

वर्गाला गेले नाही. सोन्याने परस्पर मास्तरिणीला फोन करून सांगितलं होतं की आईची तब्येत बरी नाही, आता येणार नाही. माझी तब्येत बरी आहे. पण त्यालाही गाडीने नेणं-आणणं किती जमणार. झाड काढलं. नुसतं झाड.

गुरुवार, २६ मार्च

जेवण झाल्यावर आज यंत्र काढायला विसरले. खोलीत पेन्सिलींना टोक करत बसले होते. पलीकडे टीव्ही मोठ्याने चालू होता, बातम्या. बातम्यांच्या खालून आणखी काहीतरी ऐकू येत होतं. गादीवर उशी आपटावी तसं. मध्ये थांबायचं, पुन्हा. कोणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर मी उठले असते.

यंत्र काढून डबीत ठेवलं.

बुधवार, १ एप्रिल

सोन्या कामासाठी बाहेरगावी गेलाय, उद्या संध्याकाळी येईल. जाताना खाली वॉचमनशी बराच वेळ बोलत होता.

दुपारी मी बाल्कनीत झाड काढत बसले होते. सून आली. तिने माझ्या हातातला कागद काढून घेतला, नवा लावला आणि समोर स्टूल ठेवलं.

"आई, आज समोरून काढा."

ओढणी काढली. बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या. मग हात मांडीवर ठेवून बसली, बाहेर बघत नाही, खाली बघत नाही, सरळ माझ्याकडे.

मी पेन्सिल हातात घेतली, कारण दुसरं काय करायचं सुचेना. कपाळापासून सुरुवात केली. डावी भुवई तुटलेली आहे, मध्ये पांढरी रेघ. ती काढली. जबडा एका बाजूला सुजलेला. तो काढला. मानेवर एका बाजूला चार डाग आहेत, एकाखाली एक, वरचे निळे, खालचे पिवळट. दुसऱ्या बाजूला एक. तेही काढले, आधी हलके, मग कोळशाने. दंडावर तसेच. ती मध्येच श्वास घेताना थांबायची, मग पुन्हा घ्यायची. मला वाटतं मी काढत होते म्हणूनच बघू शकले. नुसतं बघायला सांगितलं असतं तर जमलं नसतं.

मी काहीच विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. खूप वेळाने, मी केस काढत होते तेव्हा, ती म्हणाली, "आई, तुमचा कान कुठल्या दाराला लागला होता?"

माझा हात थांबला.

"कुठल्या खोलीचं दार? कधी सांगितलं नाहीत, म्हणून विचारलं."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला दार आठवेना. त्या घरात तीन दारं होती. एकही आठवेना. आठवला तो ह्यांचा हात, अंगठी असलेला, आणि दारात दप्तर घेऊन उभा असलेला सोन्या.

"दार नव्हतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जसं काही मी वेळ सांगितली. म्हणाली, "केस राहिलेत."

केस पूर्ण केले. खाली तारीख घातली. हे आयुष्यात काढलेलं माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे आणि मला ते बघवत नाही.

गुरुवार, २ एप्रिल, दुपार

सून गेली.

सकाळी दोघींनी ठरवलं. तिच्या भावाला फोन करायचा तर माझ्या फोनवरून केलेले फोन सोन्या बघतो, असं ती म्हणाली. मला ठाऊकच नव्हतं. म्हणून आधी मास्तरिणीकडे जायचं, तिथून पुढचं. पत्ता मी तिच्या तळहातावर लिहून दिला. माळ्यावरची चित्रं तिने स्टुलावर चढून काढली, मला चढू दिलं नाही. कालचंही त्यात घातलं. सगळी चादरीत गुंडाळली.

वॉचमनला सोन्याने सांगून ठेवलंय की बाई खाली उतरल्या तर फोन करायचा. म्हणून मी आधी उतरले, पायऱ्यांवर बसले आणि गुडघा धरून कण्हले. अभिनय फारसा करावा लागला नाही. त्याला म्हटलं, बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याचं मलम आणून दे. तो भला माणूस, पळत गेला. सून माझ्या बाजूने गेली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि फाटकाबाहेर पडली. मागे वळली नाही. मी तिला सांगितलंच होतं, वळू नकोस.

"तुम्ही पण चला," असं ती सकाळपासून म्हणत होती. मी नाही म्हटलं. दोघी दिसलो नाही तर तो लगेच शोधायला निघेल. आणि खरं सांगायचं तर मला त्याच्याशी बोलायचंय. तो वाईट नाही. त्याने जे बघितलं ते त्याला मी बघू दिलं. त्याला समोर बसवीन, शांतपणे सांगेन. माझं तो ऐकतो. लहानपणापासून ऐकतो.

चहा ठेवलाय. लिफ्टचा आवाज येतोय, बहुतेक दुसऱ्या कोणाची.

सोमवार, ६ एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर बालवाडीचं. थोडंच लिहीन.

तो आला. मी म्हटलं, बस, तुझं चित्र काढते. बसला. हसत होता. ती कुठे, विचारलं. मी म्हटलं, आधी बस. मी डोळे काढत होते. पुन्हा विचारलं. मग मी सांगितलं. तू तिला मारतोस, सोन्या. मी बघितलं. ती गेली.

तो ओरडला नाही. मी समजत होते, ओरडेल, मग रडेल, मग मी जवळ घेईन. त्याने टीव्ही लावला. आवाज वाढवला. मग माझ्याजवळ येऊन बसला आणि पत्ता विचारला. मी नाही सांगितला. म्हणाला, "याच हाताने काढलीस ना सगळी?" आणि माझा उजवा हात त्याच्या दोन्ही हातांत घेतला. पेन्सिल अजून बोटांत होती.

त्याचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. त्यात राग नव्हता. काम करताना असतो तसा होता.

नंतर त्यानेच पाणी आणलं. त्यानेच रुमालाने हात गळ्यात बांधला, गाडीत बसवलं, हळू चालवली. खड्डा आला की सॉरी म्हणायचा. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, कसं झालं. तो माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "बाथरूममध्ये पडली." बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "हा माझा मुलगा. याने पिरगाळला."

तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खरंच आलं. म्हणाला, "आई, काय बोलतेस?" मला वाटलं आता मी म्हणेन, नाही, चुकलं माझं. डॉक्टरीण बाईंनी नर्सला हाक मारली आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं. दार लावून घेतलं.

नर्सने मास्तरिणीला फोन केला. रात्रीपर्यंत ती आणि सून दोघी आल्या. पोलिसांनी माझा आणि सुनेचा जबाब घेतला. त्यांच्यातल्या बाईने मला विचारलं, मुलाबद्दल आणखी काही सांगायचंय? मला सांगायचं होतं की तो मला जिन्यावर हात धरून न्यायचा, पेन्सिली त्याने आणल्या. सांगितलंही. तिने ते लिहिलं नाही.

त्याला एक दिवस बसवून ठेवलं, मग सोडलं. पुढे कोर्ट. सुनेचा भाऊ परवा येतोय तिला न्यायला. ती म्हणते, तुम्हीही चला. बघू.

हाताचं हाड जुळेल, बोटं पूर्वीसारखी मिटतील याची खात्री नाही, असं डॉक्टरीण बाई म्हणतात. मास्तरीण म्हणते, डावा आहे की. तिला सगळं सोपंच वाटतं.

त्याचा फोन येतो. पहिल्या दिवशी मी उचलला. "आई, मी जेवलो नाही," म्हणाला. मी म्हटलं, डब्यात आहे ते गरम कर. तो म्हणाला, "तू कुठे आहेस ते मला कळलंय." मग फोन ठेवला. आता मी उचलत नाही.

आम्ही तिघी मास्तरिणीच्या पुढच्या खोलीत बसतो. मांजरं अंगावरून जातात. सून भाजी निवडते, मास्तरीण माझ्या डाव्या हाताला सरळ रेघा ओढायला लावते आणि चुका काढते. खाली एखादी गाडी थांबली की तिघी बोलायच्या थांबतो. गाडीचं दार लागतं. पावलं येतात. कधी खालच्या मजल्यावर वळतात, कधी समोरच्या घरात जातात. मग मास्तरीण म्हणते, "हं, काय सांगत होतीस?"

आत्ताच एक थांबली आहे.